जमीन किती एकर नव्हे, किती हात खोल?

(गांवच्या यात्रेंत शेतकरी व कारागीर मंडळींपुढें दिलेलें व्याख्यान)



आज मी तुमच्यापुढें निवडणुकीचें भाषण करण्यास उभा राहिलों नाहीं. ज्या वस्तूवर आपण सारे या क्षणीं बसलों आहोंत, त्या मातीविषयीं चार शब्द बोलणार आहें. "मातीचें काय ऐकायचें? जन्म तिच्यांत गेला," असें कोणी म्हणेल. त्याला माझा एकच प्रश्न आहे.

मुलीसाठीं स्थळ पाहावयास गेलों म्हणजे आपण पहिला प्रश्न कोणता विचारतों? "जमीन किती एकर?" दुसरा प्रश्न, "पाणी आहे का?" जाणते सोयरे सातबाराही मागून घेतात. पण "तुमची जमीन किती हात खोल आहे?" असें कोणी विचारलेलें मी तरी आजवर ऐकलें नाहीं. एकर म्हणजे नुसती लांबीरुंदी. पीक लांबीरुंदीवर जगत नाहीं, खोलीवर जगतें. ही गोष्ट आमच्या घराला फार महागांत शिकावी लागली, म्हणून तीच आधीं सांगतों.

आमची चार एकर जमीन. त्यांतील ओढ्याकडचें एक एकर म्हणजे आमच्या घराचें कोठार. थोरल्या बहिणीचें लग्न निघालें, हातांत पैसा नव्हता. सावकाराकडे जमीन लिहून द्यावयाची नाहीं, असा वडिलांचा निर्धार. तेवढ्यांत एक वीटभट्टीवाला आला. म्हणाला, "जमीन तुमचीच राहील, मी फक्त वरची दोन फूट माती नेतों." वडिलांना वाटलें, सोनें नाहीं, नाणें नाहीं, माती तर जाते आहे. एका एकराची एक फूट माती म्हणजे सुमारें ४३५ ब्रास. दोन फुटांची ८७० ब्रास झाली. महिनाभर गाड्या भरल्या गेल्या. लग्न थाटांत झालें. पुढच्या सालीं त्या रानांत शाळू पेरला, तो गुडघ्याएवढा होऊन वाळला. खालीं राहिला होता पिंवळा मुरूम. सातबाऱ्यावर मात्र पूर्वीं चार एकर होते, तेवढेच चार एकर राहिले. एक गुंठाही कमी झाला नाहीं! वडील शेवटच्या आजारांत म्हणाले, "जमीन इकली न्हाई म्हणून गावात ताठ मानेनं फिरलो. पर बाबा, जमीनच इकली हुती. कागद तेवढा राहिला."

बंधूंनो, त्यांच्या या बोलाचा अर्थ आज तुम्हांला उलगडून सांगावयाचा आहे.

जमिनीची खोली कोणीच मोजली नाहीं असें मात्र नाहीं. ज्यांना सारा घ्यावयाचा होता त्यांनीं ती बरोबर मोजली. इंग्रजी अमलांत इ. स. १८३५ च्या सुमारास पुणें जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट या साहेबांनीं जमिनीची नवी पाहणी सुरू केली, आणि १८४७ सालीं तिचे नियम एकत्र लिहिले गेले. पाहणीचे कामगार शेतांत जागोजाग खणून पाहात. माती किती हात खोल, रंग काळा कीं तांबडा, पोत बारीक कीं भरड, हें सारें टिपून घेत. एकसारखी, बारीक पोताची, पावणेदोन हात खोल काळी जमीन असली तर ती सोळा आणे. खोली कमी होईल तसे आणे कमी. त्यांत चुनखडी असली, वाळू असली, उतार असला किंवा पाणी सांचत असलें तर तो दोष धरून प्रत आणखी उतरवीत. यालाच प्रतबंदी म्हणतात. तुमच्या सातबाऱ्यावर 'आकार' म्हणून जो लहानसा आंकडा असतो, त्याचें मूळ या प्रतबंदींत आहे. म्हणजे तुमच्या मातीची खोली कागदांत शिरली ती वसुलीपुरती. पुढें ती माती वाहून गेली काय किंवा आमच्यासारखी विटा होऊन गेली काय, कागदाला तिची वार्ता नाहीं. सरकारनें जें साऱ्यासाठीं केलें, तें आपण आपल्या पोटासाठीं कां करूं नये?

तें करण्यास मोठी विद्या लागत नाहीं, एक कुदळ लागते. नवी विहीर खणली जाते तेव्हां तिच्या कांठाशीं उभे राहून पाहा. विहिरी खणणारे आमचे वडार बंधू कोणत्याही शाळेंत न जातां हें पुस्तक वाचतात. "आतां मुरूम लागला, आतां कठीण लागेल," असें ते सांगतात आणि बहुधा तसेंच होतें. या पुस्तकाचीं पानें वरून खालीं अशीं आहेत. वरची वीतभर माती भुसभुशीत असते. तिच्यांत मुळ्यांचें जाळें, गांडुळांचीं बिळें, कुजलेला पालापाचोळा. हा पहिला थर. त्याखालीं माती घट्ट होते, ढेकळें मोठीं व टोकदार निघतात, चिकणपणा वाढतो आणि पांढऱ्या चुन्याचे खडे दिसूं लागतात. वरून पावसानें धुऊन नेलेला बारीक अंश व चुना येथें येऊन बसतो. हा दुसरा थर. त्याच्या खालीं मुरूम, म्हणजे अर्धवट झिजलेला दगड. सर्वांच्या तळाशीं काळा पाषाण.

मातीचा पिता तो पाषाणच. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं या दख्खनच्या भूमींतून तापलेला रस उसळला व थरावर थर पसरत गेला. तो थिजून जो काळा दगड झाला, त्याचाच सह्याद्रि आणि त्याचेच आपल्या घरांचे पाये. ऊन त्याला तापवितें, रात्र त्याला थंड करते, पावसाचें पाणी फटींत शिरून त्याला कुजवितें, मुळ्या आपल्या आंबट रसानें त्याला पोखरतात. अशानें दगडाचा मुरूम होतो आणि मुरमाची माती होते. यास काळ किती लागतो? एक इंच माती होण्यास शेंकडों वर्षें लागतात. आमच्या ओढ्याकडची दोन फूट माती होण्यास किती पिढ्या लागल्या असतील, याचा हिशेब तुम्हीच करा. ती जाण्यास एक महिना लागला.

एकाच शिवारांत तीन तऱ्हेच्या जमिनी कां असतात, हेंही यावरून कळेल. माळावर झीज होते खरी, पण झिजलेलें सारें पाऊस खालीं नेतो, म्हणून तेथें चार बोटांवर मुरूम. मधल्या पट्टींत हात दीड हात. ओढ्याकांठीं पिढ्यान्‌पिढ्या वाहून आलेली माती सांचते, म्हणून तेथें पुरुषभर खोल. माळाचें नुकसान तोच ओढ्याचा नफा. मात्र ओढ्यानें नदींत नेलें तें कोणाचेंच राहात नाहीं.

योगायोग असा कीं, १८८३ या एकाच सालीं या विषयावर दोन ठिकाणीं लिहिलें गेलें. रशियांत वसिली दोकुचायेव या शास्त्रज्ञानें तिकडच्या काळ्या मातीवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. माती म्हणजे नुसता दगडाचा चुरा नसून हवा, पाणी, वनस्पति, जीवजंतु व काळ यांनीं मिळून घडविलेली निराळी वस्तु आहे, हें त्यानें दाखविलें. मातीच्या थरांना अ, ब, क अशीं अक्षरें देण्याची चाल त्याच्यापासून आहे. त्याच सालीं इकडे जोतीराव फुले यांनीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. डोंगरावरचा पालापाचोळा व मेलेल्या जीवांचा कुजका अंश वळवाच्या पावसानें शेतांत येई, तोच जमिनीचा खुराक होता, आणि ती माती अडविण्यासाठीं जागोजाग तालीवजा बंधारे घातले पाहिजेत, असें त्यांनीं सांगितलें. एकानें दुर्बिणींतून पाहिलें असेल, दुसऱ्यानें बांधावर बसून पाहिलें. दोघांना दिसली ती एकच गोष्ट.

आतां मातीच्या पोताकडे वळूं. मातींत दगडाचे तीन तऱ्हेचे कण असतात. डोळ्यांना दिसते व बोटांना खरखर लागते ती वाळू. कोरड्या पिठासारखा मऊ लागतो तो पोयटा. आणि ओली असतां बोटांना चिकटते ती चिकण. चिकणीचा कण किती लहान? एका मिलिमीटरचे पांचशें भाग केले, तर त्यांतील एका भागाहूनही लहान! या तिघांचें प्रमाण म्हणजेच पोत.

पोताची परीक्षा आमच्या मायबहिणींना आधींच येते. चूल घालतांना नुसती काळी माती घेतली तर ती वाळून भेगाळते, म्हणून त्या तींत राख, भुस्सा व शेण मिसळतात. कुंभारदादा चाकावर चढविण्याच्या मातींत राख किंवा घोड्याची लीद घालतो, तेंही याच कारणानें. शेतकऱ्यानें एवढेंच करावें. मूठभर माती पाण्यानें मळून तिची वळी करावी. वळी होतच नाहीं ती रेताड. वळी होते पण वाकवितांच तुटते ती मध्यम. बांगडीसारखी वळते आणि तडकत नाहीं ती भारी. आणखी बारीक पाहावयाचें तर काचेच्या उभ्या बरणींत तिसरा हिस्सा माती व वर पाणी घालून, चिमूटभर धुण्याची पावडर टाकून, खूप घुसळावें व बरणी न हालवितां ठेवावी. मिनिटा-दोन मिनिटांत वाळू तळाशीं बसते, दोनतीन तासांत तिच्यावर पोयटा बसतो, चिकणीला दिवस दोन दिवस लागतात. मग पट्टी लावून तीन थर मोजा. शाळेंत जाणारें तुमचें पोर हें आनंदानें करील.

आपल्या काळ्या रानांतील चिकण एका खास जातीची आहे. तिचे कण भाकऱ्यांच्या चवडीसारखे पातळ पापुद्र्यांचे असतात. पाणी त्या पापुद्र्यांत शिरलें कीं ती फुगते, उन्हाळ्यांत पाणी गेलें कीं आंखडते. म्हणून वैशाखांत तीनतीन फूट खोल भेगा पडतात. वरची भुकटी त्या भेगांत पडते, पावसाळ्यांत माती फुगून ती आंत कोंडली जाते, आणि जमीन आपणच आपल्याला हळूहळू उलथते. हीच चिकण पाणी धरून ठेवते. खोल काळ्या जमिनींत मुळांच्या आवाक्यांत सुमारें २०० मिलिमीटर पाणी पिकाच्या कामीं येईल असें राहूं शकतें. पाऊस सरल्यावर मंगळवेढ्याकडे शाळूचें पीक नुसत्या ओलीवर येतें, तें या सांठ्याच्या जोरावर. पण माती चार बोटें असली तर सांठवणार कशांत? आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार?

आतां रचनेचें सांगतों. ढेंकूळ हातांत घेतलें तर तें भरीव वाटतें. वास्तविक चांगल्या मातीचा निम्मा भाग पोकळ असतो. त्या पोकळींत थोडें पाणी व थोडी हवा असावी. दोन्ही सारखीं असलीं म्हणजे आपण म्हणतों, वाफसा आला. उरलेल्या निम्म्यांत बहुतेक दगडाचा अंश, आणि अगदीं थोडा सेंद्रिय अंश, म्हणजे कुजलेलें शेण, पाला, मुळ्या व जीवजंतु. तो थोडा अंश हाच साऱ्या घराचा कर्ता पुरुष आहे. तोच कणांना कणांशीं बांधून रवाळ करतो, गांडुळांना पोसतो, नत्र देतो.

येथें एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. "आमची जमीन काळीभोर आहे, तिला खत कशाला?" असें आपण म्हणतों. रशियाची काळी माती काळी आहे ती कुजलेल्या गवताच्या भरपूर अंशानें. आपली काळी आहे ती मुख्यत्वें काळ्या दगडांतील खनिजांमुळें व चिकणीशीं घट्ट बसलेल्या किंचित् सेंद्रिय अंशामुळें. आपल्या बहुतेक कोरडवाहू रानांत सेंद्रिय कर्ब शेंकडा अर्ध्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी भरतो. चुना, मॅग्नेशियम, पालाश यांची आपल्याला वाण नाहीं, पण नत्र कमी, स्फुरद बहुधा कमी, कोठें कोठें जस्तही कमी. तेव्हां रंगाला भुलूं नका. माणसाची परीक्षा रंगावरून करूं नये, तशी मातीचीही करूं नये.

आणि एक भेद मनांत पक्का ठेवा. पोत जन्मानें येतो, घडण करणीनें येते. रेताड जमिनीची चिकण जमीन तुम्ही कांहीं केलें तरी एका जन्मांत होणार नाहीं. पण ती रवाळ ठेवावी कीं दगडासारखी घट्ट करावी, हें आपल्या हातांत आहे. ओल्या रानांत ट्रॅक्टर घातला कीं वीतभर खालीं एक कठीण पापडी बसते. तिच्यांतून मूळ जात नाहीं आणि पाणीही जात नाहीं. भाड्याचा ट्रॅक्टर आज आला आहे म्हणून वाफसा येण्याआधीं नांगरट करणें म्हणजे स्वतःच्या पैशानें स्वतःची जमीन ठोकून घेणें होय.

आपण माती कशी गमावतों याचा हिशेब ऐका. एका एकरावरून एक मिलिमीटर, म्हणजे नखाच्या जाडीएवढा थर वाहून गेला, तर ती माती पांच टनांहून अधिक भरते. अर्ध्या टनाची बैलगाडी धरली तर दहा गाड्या झाल्या. उन्हाळ्यांत घरच्या बायकामाणसांनीं पाट्या वाहून दहा गाड्या शेणखत रानांत टाकावें, आणि उताराच्या दिशेनें पाडलेल्या तासांतून वळवाच्या पावसानें दहा गाड्या माती ओढ्याला न्यावी, हा कोठला संसार? जी जाते ती वरचीच, कसदार. मुरूम कधीं वाहून गेल्याचें ऐकलें आहे काय?

दुसरा घात पाण्याचा. पाणी नसल्यानें शेतकरी मरतो हें सर्वांना ठाऊक आहे, पण जादा पाण्यानें जमीन मरते हें कालवा आल्यावर कळतें. नीरेचा डावा कालवा १८८५ सालीं सुरू झाला, आणि पुढें कांहीं दशकांतच त्याच्या भिजवणीखालच्या खोल काळ्या जमिनी खारवूं लागल्या. कृष्णाकांठीं सांगली-कोल्हापूरकडे आजही तेंच दुखणें आहे. उसाला पाट मोकळा सोडला कीं खालचें पाणी वर चढतें, आंतला क्षार बरोबर आणतें, पाणी उडून जातें व क्षार वर राहतो. त्यांत सोड्याचा अंश वाढला कीं चिकणीचे रवे फुटतात, जमीन चोपण होते. मग तिच्यांत पाणी मुरत नाहीं आणि बीं उगवत नाहीं. जी जमीन प्रतबंदींत सोळा आणे ठरली, तीच खोल भारी जमीन या रोगाला आधीं बळी पडते, कारण तिच्यांत निचरा मुळांतच कमी.

मग करावें काय? पांच गोष्टी सांगतों.

पहिली. या उन्हाळ्यांत आपल्या प्रत्येक रानांत एक कमरेएवढा खड्डा खणा. वरचा थर किती बोटें, चुनखडी कोठें लागते, मुरूम किती हातांवर, हें मोजून घरच्या वहींत लिहा. खोल रानांत शाळू, हरभरा असें ओलीवर येणारें पीक घ्या, उथळ रानांत लवकर निघणारें घ्या. फळबाग लावण्याआधीं तर खड्डा पाहिल्यावांचून रोपाला पैसा देऊं नका.

दुसरी. माती तपासून घ्या. केंद्र सरकारची मृदा आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ सालीं सुरू झाली आहे. नमुना मात्र नीट घ्या. बांधाजवळचा, झाडाखालचा, उकिरड्याच्या जागेचा नको. नागमोडी चालत आठदहा ठिकाणीं वीतभर खोल खणून माती घ्या, एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, असें करीत अर्धा किलो उरवा व सावलींत वाळवा. खोटा नमुना दिला तर खरें उत्तर कसें येईल?

तिसरी. नांगरट, पेरणी उताराला आडवी करा, ताली दुरुस्त ठेवा. माती अडविण्याचें हें शास्त्र नवें नाहीं. सोलापुरास कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचें काम १९३३ सालीं सुरू झालें, आणि बांधबंदिस्तीसाठीं मुंबई प्रांतांत १९४२ सालीं कायदाही झाला. पण कायदा तुमच्या बांधाची फूट बुजवीत नाहीं. ती आपणच बुजवावी लागते, आणि शेजाऱ्याशीं कोर्टांत भांडण्यापेक्षां त्याच्याबरोबर मिळून बुजविली तर स्वस्त पडते.

चौथी. काडीकचरा जाळूं नका, कुजवा. पाचट पेटविलें कीं शेंकडा अर्धा असलेला कर्ब पाव होण्याच्या वाटेला लागतो. तलावाचा गाळ काढला जात असेल तर तो हलक्या, मुरमाड रानांत घाला. भारी रानांत घालून चिकणींत चिकण वाढवूं नका.

पांचवी. पाणी मोजून द्या आणि निचऱ्याचा चर आधीं काढा. जमीन चोपण झाली असेल तर परीक्षा करून जिप्सम व शेणखत घालावें. पण निचरा नसतां घातलेलें जिप्सम म्हणजे बुडाला भोंक असलेल्या रांजणांत ओतलेलें पाणी.

बंधूंनो, आमच्या त्या एकराचें पुढें काय झालें, असें तुम्ही विचाराल. बारा वर्षें आम्हीं गांवतळ्याचा गाळ ओढला, शेणखत घातलें, ताग पेरून गाडला. आज तेथें कशीबशी चार बोटें माती झाली आहे. तूर येते, शाळू अजून येत नाहीं. माझ्या हयातींत येणारही नाहीं. गेल्या सालीं माझ्या पुतणीसाठीं स्थळ पाहावयास गेलों, तेव्हां मी यजमानांना म्हणालों, "सातबारा राहूं द्या, कुदळ घेऊन रानांत चला." मंडळी हसलीं. पण मुलाचा आजा उठला, त्यानें कुदळ खांद्यावर घेतली आणि मला रानांत नेऊन हातभर खणून दाखविलें. माती काळी, रवाळ, गांडुळांनीं भरलेली निघाली. त्या म्हाताऱ्यानें ती मुठींत धरून माझ्या हातावर ठेवली, आणि आम्हीं सोयरीक तेथेंच पक्की केली.

तुम्हीही घरीं गेल्यावर कुदळ काढा. आपल्या पायाखालीं काय उरलें आहे, तें एकदां खणून पाहा.